अंगठा कोणाचा, डोळा कोणाचा?

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर हे तालुक्याचे गाव आहे. भोवतालचा मुलूख कापसाचा, सोयाबीनचा आणि तुरीचा. येथल्या शेतकऱ्याला अनुदानित खताची गोणी हवी असेल तर दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. रेशनच्या धान्यासाठी पुन्हा अंगठा. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत यादीतले आपले नाव खरे आहे हे पटवून देण्यासाठीही अंगठाच द्यावा लागला. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी तो स्वतःच्या बांधावर उभा राहून मोबाइलवर स्वतःच्या पिकाचे छायाचित्र काढतो आणि सरकारकडे धाडतो. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांचा लाभ घ्यायचा तर शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्याला आपल्याकडे ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याची रीत होती. साक्षरतेच्या मोहिमा राबवून ती रीत मोडण्यात दोन पिढ्या खपल्या. आता शासनाने साक्षर-निरक्षर हा भेदच मिटवून सर्वांना सारखेच अंगठेबहाद्दर करून टाकले आहे.

सावकाराच्या कागदावर अंगठा उठवताना आपण कर्ज घेत आहोत, एवढे तरी कुळाला ठाऊक असे. यंत्रावर अंगठा उठवणाऱ्याला मात्र आपण काय दिले, ते कोणाच्या हाती गेले आणि उद्या ते कोणत्या कामी येणार, हे कोणी सांगत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : हे सारे तुमच्याच भल्यासाठी आणि तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. या उत्तराची परीक्षा करायची असेल तर मुंबई-दिल्लीच्या परिसंवादांत जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्याने ही परीक्षा एकदा घेतलेली आहे, आणि तिची किंमतही मोजलेली आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क निरंकुश नाही. पण त्यावर मर्यादा घालायची तर तसा कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि हेतूच्या मानाने उपाय प्रमाणाबाहेरचा नको. आणीबाणीत, १९७६ साली, जीविताच्या हक्कासाठीसुद्धा न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असे म्हणणारा जबलपूर खटल्याचा निकाल याच निर्णयाने रद्दबातल ठरवला. समाजवादी वाचकाच्या दृष्टीने या निकालातला आणखी एक भाग मोलाचा आहे. खाजगीपणा ही सुखवस्तू लोकांची चैन आहे, गरिबाला भाकरी हवी, हा युक्तिवाद न्यायालयाने स्पष्टपणे फेटाळला. भाकरीचे नाव पुढे करून स्वातंत्र्य काढून घेण्याची युक्ती हुकूमशहांनी पूर्वीही वापरली आहे. गरिबाला दोन्ही हवे असते, आणि दोन्हींवर त्याचा हक्क आहे.

हा निकाल दिल्लीत वाचला जात असतानाच्या त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात दुसरेच काही घडत होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बीटी वाणाला न जुमानणाऱ्या बोंडअळीने पीक धरले होते. शेतकरी आणि शेतमजूर पाठीवर पंप घेऊन, बहुधा उघड्या हातांनी आणि उघड्या तोंडाने, डोक्यावरच्या झाडांवर विषारी औषधे फवारत होते. वाऱ्याने उडालेला फवारा परत त्यांच्याच अंगावर येत होता. त्या खरिपात शेकडो जणांना विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. मृत्यूंची मालिका सुरू झाल्यावर आणि वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावरच राजधानीत धावाधाव सुरू झाली. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. नोव्हेंबरमध्ये काही कीटकनाशकांवर या भागातील जिल्ह्यांपुरती तात्पुरती बंदी आली. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

कायदा नव्हता काय? होता, आणि तो जुना होता. १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या धान्याने शंभरावर माणसे मेली, त्यानंतर देशाला या विषयाची जाग आली आणि १९६८ चा कीटकनाशक अधिनियम झाला. त्याच्या २६व्या कलमाखाली, विषबाधेची जी घटना ज्याच्या लक्षात येईल त्याने ती ठराविक अधिकाऱ्याला कळवलीच पाहिजे, असा हुकूम राज्य सरकार काढू शकते. २७व्या कलमाखाली धोकादायक औषधाची विक्री चौकशी होईपर्यंत रोखता येते. म्हणजे कोणते औषध कोणत्या तालुक्यात माणसे पाडत आहे, हे जाणून घेण्याचा अधिकार सरकारजवळ गेली अर्धशतकभर होता. रुग्णालयाच्या नोंदवहीतला आकडा कृषी खात्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी पोहोचवायला ना उपग्रह लागतो, ना बोटांचे ठसे. एक पोस्टकार्ड पुरते.

येथे विरोधाभास उघडा पडतो. ज्या काळात खत घेणाऱ्याचा अंगठा नोंदवणारी यंत्रे देशभरच्या दुकानांत बसवण्याची घाई चालली होती, त्याच काळात विष विकले जात होते आणि त्याने किती माणसे आजारी पडली याची नोंद वेळेवर वरपर्यंत जात नव्हती. युरियाची गोणी कोणी नेली हे सरकारला कळत होते. फवारा मारून कोण कोसळला हे कळत नव्हते. तंत्रज्ञानात खोट नव्हती. सरकारचा डोळा ज्या दिशेला वळवला होता, ती दिशा चुकीची होती. तो डोळा अनुदान घेणाऱ्या गरिबावर होता, नफा घेणाऱ्या विक्रेत्यावर आणि उत्पादकावर नव्हता.

यावर प्रामाणिक आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. खोट्या शिधापत्रिका, बनावट लाभार्थी आणि मधले दलाल यांनी गरिबाच्या तोंडचा घास पळवला, हे खरेच आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे सापडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. गुन्हेगारही आता संगणकातून दरोडे घालतो; त्याला पकडायचे तर पोलिसांनाही नवी साधने हवीत. विषबाधेची नोंद ठेवा अशी मागणी करणारा माणूस स्वतःच माहितीचा संग्रह मागत असतो. तेव्हा माहिती गोळा करणे हेच पाप, अशी भूमिका कोणी शहाणा माणूस घेणार नाही.

पण धोक्याची माहिती आणि माणसाची माहिती यांत फरक आहे. कोणत्या औषधाने, कोणत्या तालुक्यात, कितीजण आजारी पडले ही धोक्याची माहिती झाली. ती सर्वांसाठी खुली असावी. जितकी पसरेल तितकी माणसे वाचतील. अमुक शेतकऱ्याने काय पिकवले, किती कर्ज काढले, कोणत्या दिवशी कोठे होता ही माणसाची माहिती झाली. ती जितकी एके ठिकाणी साठेल तितकी त्या माणसावर सत्ता गाजवणे सोपे होते. आजची व्यवस्था नेमकी उलटी आहे : धोक्याची माहिती दडलेली आणि माणसाची माहिती उघडी.

शिवाय साठवलेली माहिती खरीच असते, असेही नाही. याच जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या गावाची लोकसंख्या जेमतेम दीड हजाराच्या आसपास. २०२५ च्या अखेरीस असे उघडकीस आले की, या गावाच्या नावावर अवघ्या काही महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची नोंद संगणकावर झाली आहे. गावात पाळणा हलला नाही, पण यंत्राने सत्तावीस हजार बाळांची गणती केली. त्यानंतर काहींना त्यात परकीयांच्या घुसखोरीचे राजकारण दिसले. खरा धडा वेगळा होता. ज्या गावात एक खोटा जन्म ग्रामसेवकाच्या वहीत दडू शकला नसता, कारण शेजारणीने तो हाणून पाडला असता, त्या गावात हजारो खोटे जन्म यंत्रात बिनबोभाट दडले. कारण यंत्रात काय चालले आहे हे गावाला दिसतच नव्हते.

गावाला दिसणे, हाच प्रश्नाचा गाभा आहे. पाहणाऱ्याला कोण पाहणार? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्याच्या प्रथेला काही वेसण घातली. तो खटला लढवला पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने, म्हणजे जयप्रकाशजींनी आणीबाणीच्या काळात पाया घातलेल्या संघटनेने. त्यापूर्वी शंभर वर्षांहून अधिक काळ १८८५ च्या तार अधिनियमातील एका पोटकलमावर हा कारभार चालला होता. १९८८ मध्ये टेलिफोन ऐकल्याच्या वादात रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकाचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. न्यायालयाच्या आदेशाने पुनर्विलोकन समित्या आल्या. पण त्यांत बसतात ते सचिवच. हुकूम काढणारा सचिव, तपासणाराही सचिव. चोराने चोराच्या पावलांचा माग काढावा, अशातलाच हा प्रकार.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. तो वाचताना असे वाटते की, नागरिकाच्या घराला कुलूप लावून किल्ली सरकारनेच खिशात घातली आहे. केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला राष्ट्राची सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांखाली या कायद्यातून मोकळे करू शकते. तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळाचे सभासदही केंद्र सरकारच नेमणार. यापेक्षाही घातक गोष्ट वेगळ्याच ठिकाणी आहे. याच कायद्याच्या ४४व्या कलमाने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील ८(१)(ञ) हे पोटकलम बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहितीच तेवढी नाकारता येई. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे म्हटले की पुरे. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची वाट दुसऱ्या कलमात अजून उरली आहे. पण ती उघडायची की नाही हे ठरवणार माहिती दडवू पाहणारा अधिकारीच. हजेरीपटावर कोणाची नावे आहेत, परवाना कोणाला मिळाला, निरीक्षकाने दुकानाची तपासणी केली की नाही, या साऱ्यांत कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. म्हणजे गरिबाचा खाजगीपणा राखण्यासाठी म्हणून केलेला कायदा अधिकाऱ्याच्या आणि ठेकेदाराच्या पडद्याचे काम करणार.

आणि पडदा सारू पाहणाऱ्याचे काय? महाराष्ट्राच्या विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. कडव्या डाव्या विचारांच्या संघटनांना आळा घालणे हा हेतू सांगितला गेला. हिंसेने राज्य उलथू पाहणाऱ्यांना लोकशाही समाजवाद्यांनी कधी पाठीशी घातलेले नाही. पण या विधेयकातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही येते. ज्या महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ज्या विदर्भात १९३० साली पुसदजवळ जंगल सत्याग्रह झाला, तेथे अवज्ञा हा शब्द गुन्ह्याच्या यादीत बसवणे म्हणजे स्वतःच्या इतिहासावर खटला भरणे होय. पुसद हेही यवतमाळ जिल्ह्यातच आहे.

या साऱ्याचा एकत्र विचार केला की चित्र पुरे होते. कोणाचा पंप कोणते विष ओकतो याकडे न पाहणारी दंडसत्ता, त्या विषाबद्दल मोर्चा काढणाऱ्याचा मोबाइल ऐकू शकते, त्याची माहिती जोडून त्याचे चित्र उभे करू शकते, आणि उद्या त्याच्या संघटनेला बेकायदेशीर ठरवण्याचे हत्यारही तिला हवे आहे. जनतेची सुरक्षा आणि राज्यकर्त्यांची निश्चिंती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या नावावर दुसरी विकत घेतली जात आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. टेहळणीचा प्रत्येक हुकूम सचिवाऐवजी न्यायाधीशाच्या सहीने निघावा, आणि वर्षाला असे किती हुकूम निघाले याचा आकडा विधिमंडळापुढे ठेवला जावा. माहितीच्या अधिकाराचे जुने कलम पूर्ववत करावे. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य वा मजुरी अडू नये. राबून झिजलेल्या बोटांना शिक्षा करणारे यंत्र हे न्यायाचे यंत्र नव्हे. शेतकऱ्याची कोणती माहिती कोणत्या खात्याने, बँकेने वा कंपनीने पाहिली, याचा उतारा सातबाऱ्यासारखा त्याला मागताक्षणी मिळावा. आणि दर फवारणी हंगामात विषबाधेचे तालुकावार आकडे, औषधांच्या नावांनिशी, दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत.

यातली शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला खडूचा एक तुकडा पुरतो. नेरच्या शेतकऱ्याने सरकारला आपला अंगठा दिला आहे, आपल्या शेताचे चित्रही दिले आहे. त्या बदल्यात त्याच्या पंपात जे औषध आहे त्याने गेल्या आठवड्यात कोणी दगावले की काय, एवढे तरी सरकारने त्याला फवारणीला निघण्यापूर्वी सांगावे. जे शासन एवढेही सांगत नाही, त्याला त्याचा अंगठा मागण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगता येईल?