काम नसताना सायकल

बाईने घराबाहेर पडायचं ते कामासाठीच, हा नियम सायकललाही लागू होतो. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. बिहार सरकारने २००६ पासून शाळकरी मुलींना सायकलसाठी मदत दिली. शाळा, मजुरी, बाजार जवळ आले, हे मोठंच काम झालं. पण निव्वळ मजेसाठी सायकल चालवण्याचं काय?

मी मालगुंडहून गणपतीपुळे, नेवरे करत आरे-वारेपर्यंत जाते. चढ संपला की खाली समुद्र पसरलेला असतो. कधी डांबरी रस्ता सोडून लाल मातीच्या, खडीच्या वाटेने आत शिरते. "एवढ्या लांब कशाला?" असं हमखास विचारलं जातं. "सहज," हे उत्तर पुरुषाने दिलं तर चालतं. बाईने दिलं की 'घरची कामं उरकली का?' हा पुढचा प्रश्न येतो.

मैत्रिणींनो, समान वेतनाइतकाच मोकळा वेळही आपला हक्क आहे. महिन्यातून एक सकाळ गटाने मिळून सायकली काढू या. सामान आणायचं नाही, निरोप पोचवायचा नाही. नुसतं फिरायचं.