उंदीर पडायच्या आधी

आपल्या पणजीच्या काळात "उंदीर पडले" एवढं म्हटलं तरी गावाला पुरत असे. घरात मेलेला उंदीर दिसला की प्लेग आला हे कळायचं. मग माणसं गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या घालून राहायची. खूण पोराटोरांनाही ठाऊक होती आणि पुढं काय करायचं तेही.

पुण्यात 1897 सालच्या प्लेगात मात्र कुणी कुणाला विचारलंच नाही. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि प्लेगचा बंदोबस्त पाहणारा इंग्रज अधिकारी रँड याच्या हुकुमानं गोरे सोजीर थेट स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. आजारी माणूस वेगळा ठेवणं गरजेचंच होतं, पण त्या धाकानं लोक रुग्ण लपवू लागले. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात पोचवत होत्या. 10 मार्चला प्लेगनंच त्या गेल्या. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

2020 मध्ये कोरोना आला आणि तोच कायदा पुन्हा निघाला. गावोगावी रस्त्यावर काट्या टाकून मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच लेकरांना वेशीवर अडवलं गेलं. ती माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. आणि अशा वेळी काय करायचं, हे आधी कुणी बसून ठरवलं नव्हतं.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. येत्या ग्रामसभेत, शहरात असाल तर सोसायटीच्या सभेत, अर्धा तास या विषयाला द्या. एकटे राहणारे म्हातारे कोण? डायलिसिसला जाणारं कोण, आणि एसटी बंद पडली तर त्यांना कुणाची गाडी नेईल? शाळेची कुठली खोली बाहेरून येणाऱ्यांसाठी, तिथं पाणी-संडास आहे का? हातावर पोट असलेल्या घरी पंधरा दिवस धान्य कोण पोचवेल? हा प्रश्न टाळू नका; चूल पेटत नसेल तर कुणीही घरात बसणार नाही.

सरकारलाही आत्ताच विचारा. आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा भरली आहे का? कोरोनात तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनचा प्लांट बसवला असेल, तर तो आज चालतो का? आशाताईंना मास्क, हातमोजे कोण देणार, आणि जादा कामाचे पैसे कधी?

जे ठरेल ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून इतिवृत्तात लिहून घ्या. प्रत्येक कामापुढं एका माणसाचं नाव आणि फोन नंबर असू द्या, आणि तो कागद रेशन दुकानाच्या भिंतीवर लावा.