प्राथमिक शाळेतील मुलाचे मन

२५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूतून हा खटला उभा राहिला होता. संसद वा विधिमंडळे कायदा करीपर्यंत देशातील सर्व शिक्षणसंस्थांवर बंधनकारक राहतील अशी पंधरा मार्गदर्शक तत्त्वेही न्यायालयाने घालून दिली. ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, असे त्यांपैकी एक तत्त्व आहे. निकाल स्वागतार्ह आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु शंभराची ही रेघ महाराष्ट्राच्या नकाशावर ओढून पाहिली, म्हणजे तिच्याखाली कोण राहते याचा विचार करणे भाग पडते.

रेघेखाली राहतात ती प्रामुख्याने खेड्यापाड्यांतील, वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील मुले. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात असल्याचे २०२३ साली समूह शाळांच्या योजनेच्या निमित्ताने शासनानेच सांगितले होते. २०२४-२५ च्या शालेय माहितीनुसार देशात १ लाख ४ हजारांवर एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांतील ८ हजारांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. ज्या पाड्यावर दाखला काढण्यासाठीही तालुक्याला खेटे घालावे लागतात, तेथील एकट्या शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञाशी रीतसर संबंध कोठे जोडावा, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही.

लहान वयाची ही उपेक्षा आजची नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत मुलांपैकी विचार झाला तो १३ ते १७ या वयोगटाचा, त्यांतील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्या पाहणीत आढळले. सहा ते बारा वर्षांची मुले मोजलीच गेली नाहीत. समुपदेशकाची आठवणही शाळांना नववीच्या पुढे, परीक्षा आणि आत्महत्या यांच्या छायेतच होते. मुलाची भीती, अबोला, हट्ट, रोज सकाळी दुखणारे पोट, वर्गात ओली होणारी चड्डी या गोष्टी मात्र पहिली-दुसरीतच दिसू लागतात. त्या वेळी त्यांना खोडी, आळस किंवा मठ्ठपणा अशी नावे दिली जातात, आणि दहा वर्षांनी त्यांचाच परिणाम पुढे आला की समाज हळहळतो.

या प्रश्नाकडे पाहताना पुरोगामी चळवळीतील अनेकांच्या मनात एक शंका असते. मन, ताण, समुपदेशन ही सुखवस्तू मध्यमवर्गाची भाषा आहे. गरिबाच्या मुलाला भाकरी, पुस्तक आणि पक्के छप्पर द्या, मन आपोआप ठिकाणावर येईल, असे ते मानतात. या शंकेत तथ्याचा अंश आहे. दारिद्र्याने आलेल्या दुःखाला रोग ठरवून त्यावर औषध देत बसणे ही फसवणूकच होय. तथापि यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. श्रीमंताच्या मुलाला खासगी तज्ज्ञ मिळतो, तासाला हजारो रुपये मोजले जातात. गरिबाच्या मुलाचे मन आपोआप बरे होईल असे म्हणणे म्हणजे त्याच्यासाठी काहीच न करण्याला तात्त्विक आधार पुरवणे होय. आरोग्य आणि शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे असे मानणाऱ्यांनी मनाचे आरोग्य बाजाराच्या हवाली करावे, ही विसंगती आहे.

ऊसतोडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेबात मूल कोठेच नसते. ते बरोबर गेले तर पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि त्यातही ही जबाबदारी बहुधा मुलीवर येते. ते मागे राहिले तर पाच-सहा महिने म्हाताऱ्या आजीजवळ, आईवडिलांवाचून काढते. हंगाम संपून परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो, आणि ‘तुला काही येत नाही’ हे वाक्य त्याची वाट पाहत असते. या मुलाच्या मनातील तुटलेपणाला साखरेच्या उत्पादनखर्चात एक पैशाचीही जागा नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घ्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, हे धोरण मान्य झाले, त्याच्याशी वसतिगृहांची योजना जोडली गेली, हे योग्यच झाले. परंतु हंगामी वसतिगृह केवळ जेवणाची सोय म्हणून चालवणे पुरेसे नाही. कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी ते सुरू व्हावे, आणि संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन ‘आज काय झाले?’ असे विचारणारे एक माणूस तेथे असावे, इतकी तरी अपेक्षा धरली पाहिजे.

दारिद्र्य घरातून येते. पण कित्येक जखमा शाळा स्वतःच करते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. त्या मुलाच्या मनात काही विकार नव्हता. विकार व्यवस्थेत होता. आज गोणपाट गेले असले, तरी गोंडी, कोरकू, पावरी किंवा भिली बोलत वर्गात आलेल्या मुलाच्या पहिल्या शब्दाला हशा पिकतो तेव्हा त्याच प्रकारची इजा होते. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे. हे कलम छडीपुरतेच लक्षात ठेवले जाते. टोमणा, जातीवाचक हेटाळणी, सर्वांदेखत केलेला पाणउतारा त्यात बसतो याची जाणीव ना पालकांना असते ना पुष्कळदा शिक्षकांना. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीत, पुनर्परीक्षेनंतरही उत्तीर्ण न होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात बसवण्याची वाट मोकळी केली. ज्या शाळेने पाच वर्षे पुरेसा शिक्षक दिला नाही, तिने दहा-अकरा वर्षांच्या मुलाला नापास म्हणावे, हा न्याय नव्हे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अर्थातच खरे होणार नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, हा २०२४ सालचा निर्णय मुलांच्या झोपेचा विचार करणारा होता. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला. केंद्राने २०१३ पासून चालवलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि त्याच्या यादीत अध्ययन-अक्षमता व वर्तनविषयक विकारही आहेत. जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ या नावाने दूरध्वनीवरील साहाय्य सुरू झाले. या सर्वांचा हेतू चांगला आहे. मात्र त्यांत एक साम्य आहे: कोणतीही योजना शाळेत एक जादा माणूस आणत नाही. सात वर्षांचे मूल आपले दुःख सांगण्यासाठी दूरध्वनी फिरवीत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या अनोळखी डॉक्टरापुढे ते तोंड उघडत नाही. आणि शनिवारी शिकवलेला दीर्घ श्वास सोमवारच्या छडीने सुटतो.

मूल बोलते ते ओळखीच्या, रोज भेटणाऱ्या आणि घाईत नसलेल्या माणसाजवळ. प्राथमिक शाळेत असा माणूस म्हणजे शिक्षक. म्हणून मुलाच्या मानसिक आरोग्याची पहिली अट शिक्षकाच्या वेळेत आहे. चार इयत्ता एका खोलीत सांभाळणारा, पोषण आहाराचा तांदूळ मोजणारा, माहिती भरण्यासाठी रेंज शोधत टेकाडावर जाणारा, मतदारयाद्यांसाठी घरोघर हिंडणारा शिक्षक कोणत्या मुलाने आज डबा उघडला नाही हे कसे पाहणार? कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका याखेरीजची अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. त्या मनाईचे काय झाले हे प्रत्येक शिक्षक जाणतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर शाळाशाळांतून कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले. कॅमेरा असावा; पण कॅमेरा मुलाला विचारीत नाही आणि मूल कॅमेऱ्याला सांगत नाही.

शिक्षकाच्या जोडीला दुसरा माणूस हवा आणि तो शाळेच्या पटावर अवलंबून असता कामा नये. महाराष्ट्रात दहा-बारा शाळांचे एक केंद्र ही रचना पूर्वीपासून अस्तित्वात आहे आणि केंद्रप्रमुखांची ४ हजार ८६० पदे मंजूर आहेत. प्रत्येक केंद्राला एक कायमस्वरूपी बालसमुपदेशक नेमला, तर तो प्रत्येक शाळेत पंधरवड्यातून एकदा सहज पोहोचेल. दरमहा ४० हजार रुपये वेतन धरल्यास वर्षाचा खर्च सुमारे २३३ कोटी रुपये होतो. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे शासनाने खर्च करावयाच्या दर ३ हजार रुपयांत १ रुपया. प्रवास आणि प्रशिक्षण यांसाठी ही रक्कम दुप्पट केली, तरी ती दीड हजारात एक एवढीच राहते. पैसा नाही हे उत्तर येथे टिकत नाही.

अशा समुपदेशकाचे काम मुलांना शिक्के मारण्याचे असू नये. ‘हा मंद’, ‘ही वेडी’ असा शेरा एकदा दप्तरी लागला की तो जन्मभर पुसला जात नाही, आणि त्या भीतीनेच आईबाप मुलाला लपवतात किंवा देवऋषाकडे नेतात. त्याने शिक्षकाबरोबर बसावे, खेळ, गोष्ट, चित्र यांतून मुलाला बोलते करावे, घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे, आणि ज्या थोड्या मुलांना खरोखर उपचारांची गरज आहे त्यांना जिल्हा रुग्णालयापर्यंत स्वतः पोहोचवावे. मुलाचे दुखणे भुकेत असेल तर तसे लिहून देण्याचे धैर्यही त्याच्यापाशी हवे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली आणि पुढल्या वर्षी ती सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांच्या ताटात आठवड्याचे एक अंडे घातले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. उपाशी मुलाला एकाग्रतेचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे.

या राज्याला अशा कामाची परंपरा नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष दिला नाही. त्या कुरणशाळा घेऊन मुलांपाशी गेल्या. मुलाचे जगणे आधी समजून घ्यावे आणि मग शाळेची घडी बसवावी, हा त्यांचा क्रम होता. आज सरकारी यंत्रणा शाळेची घडी आधी ठरवते आणि तिच्यात न बसणाऱ्या मुलाला समस्या मानते.

कार्यकर्त्यांच्या हाती या बाबतीत एक साधन आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. बहुतेक गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. ती जागी करणे, तिच्या बैठकीत १७ वे आणि २७ वे कलम वाचून दाखवणे, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले की नाही हे पाहणे आणि केंद्रागणिक समुपदेशकाचा ठराव ग्रामसभेतून मंजूर करून जिल्हा परिषदेकडे पाठवणे, ही कामे कोणत्याही मोर्चाची वाट न पाहता सुरू करता येतील. रस्ता आणि पाणी यांसाठी ठराव करणाऱ्या ग्रामसभेने मुलाच्या मनासाठी ठराव करण्यात संकोचण्याचे कारण नाही. न्यायालयाने अधिकार मान्य केला आहे. शंभरापेक्षा कमी पटाच्या शाळेत बसलेल्या मुलापर्यंत तो पोहोचवण्याचे काम आता लोकांना आपल्या संघटित बळावर करावे लागेल.