वाजवी शिल्लक

'वाजवी शिल्लक' हा शब्दप्रयोग साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेखालून सहसा जात नाही. तो न्यायालयाच्या भाषेतला. २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरवण्याची मुभा दिली. वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, असेही बजावले. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे पाहण्यासाठी पुढच्याच वर्षी, इस्लामिक अकॅडमी खटल्यात, निवृत्त न्यायाधीशांच्या समित्या आल्या. २००५ च्या इनामदार निकालाने त्या टिकवल्या, आणि महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने त्या कामासाठी शुल्क नियामक प्राधिकरण आणले.

आमचा आक्षेप नियमनाला नाही. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडल्यावर काय घडले, त्याची नोंद 'शिक्षणसम्राट' या शब्दात आहेच. (मराठीने उपरोधाने बहाल केलेल्या मोजक्या पदव्यांपैकी ही एक.) १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा काही हौसेने झाला नव्हता.

आक्षेप आहे तो हिशेबाच्या रीतीला. संस्था आपला खर्च मांडते, प्राधिकरण तो तपासते आणि त्यातून शुल्क निघते. शिकणाऱ्याला काय परवडेल, हा प्रश्न या सूत्रात येतच नाही. तो शिष्यवृत्तीच्या खिडकीकडे धाडला जातो. कला शाखेच्या वाचकाला हे सारे अभियंते-डॉक्टरांचे प्रकरण वाटेल. पण मराठी घेऊन एम. ए. झालेली मुलगी खाजगी महाविद्यालयात बी. एड.ला जाते, तेव्हा याच यंत्रणेने मंजूर केलेला आकडा तिच्यासमोर येतो.

त्या आकड्यात मोठा वाटा अध्यापकांच्या वेतनाचा. कागदावरचे वेतन आणि हाती पडणारे वेतन यांतली तफावत आपल्या व्यवसायात कुणाला नवी नाही. काही ठिकाणी बँकेत जमा झालेली रक्कम रोखीने परत मागितली जाते, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे दबक्या आवाजात ऐकत आलो आहोत. तसे जिथे घडते तिथे विद्यार्थिनी पूर्ण वेतनाचे शुल्क भरते, अध्यापक अर्ध्यावर भागवतो, आणि मधली रक्कम हिशेबात 'शिल्लक' म्हणूनदेखील दिसत नाही. तिचे शुल्क सरकारने भरले, तरी आकडा तोच. खिसा तेवढा बदलतो.

म्हणून शुल्क मंजूर करण्यापूर्वी प्राधिकरणाने लेखापरीक्षकाच्या सहीवर न थांबता त्या अध्यापकांनाही, नावे गुप्त ठेवून, विचारावे: पगार किती मिळाला, आणि त्यातला किती परत द्यावा लागला?