स्क्रीन सुटली, आता टेबल

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि काही दिवसांतच पोकरच्या अ‍ॅप्सवरचे पैशांचे डाव बंद पडले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद या कायद्यानं ठेवलेला नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद, म्हणजे बंद. तेव्हापासून कट्ट्यावर एक वाक्य ऐकू येऊ लागलंय : ‘ऑनलाइन हजारो डाव खेळलोय रे, समोरासमोर बसायला काय लागतंय? चला गोव्याला!’

तुमच्याही ग्रुपमध्ये असं कुणी म्हणत असेल, तर थोडं थांबा. पत्ते तेच, नियम तेच, तरी खेळ बराच बदलतो. काय बदलतं ते आधी समजून घ्या, मग बसचं तिकीट काढायचं की नाही ते ठरवा.

पहिला फरक वेगाचा. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ ते ऐंशी डाव होतात आणि चार टेबलं एकदम उघडली तर अडीचशे-तीनशे. समोरासमोर पत्ते पिसायचे, वाटायचे, चिप्स मोजायच्या. त्यामुळे तासाला पंचवीस-तीस डाव झाले तरी खूप. चांगले खेळाडू त्यातले बहुतेक डाव पहिल्याच फेरीत सोडून देतात. म्हणजे तासभरात तुम्ही जेमतेम सहा-सात डाव खेळणार आणि बाकी वेळ नुसतं बसणार. ज्याला दर काही सेकंदांनी बटण दाबायची सवय आहे, त्याला हे बसणं जड जातं. मग तो कंटाळून फालतू पत्त्यांवर खेळायला लागतो. ऑनलाइनवरून आलेल्यांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात.

दुसरा फरक शिस्तीचा. अ‍ॅप तुम्हाला चूक करू देत नाही, टेबल देतं. तुमची पाळी आली की तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो. ‘रेज’ म्हणालात की रेज करावीच लागते. काहीच न बोलता एक मोठी चिप पुढे टाकली तर बहुतेक ठिकाणी तो नुसता ‘कॉल’ धरतात. चिप्स दोन-तीन हप्त्यांत पुढे सरकवलेल्या चालत नाहीत. पाळी नसताना बोलू नये. मधल्या ढिगात किती रक्कम जमलीय ते स्क्रीनवर लिहिलेलं नसतं, डोक्यात मोजत राहावं लागतं. समोरचा किती डाव खेळतो, किती सोडतो याचे तयार आकडेही मिळत नाहीत. ते बघून लक्षात ठेवायचे. म्हणून स्वतःचा डाव सोडल्यावर मोबाइल काढणं हा सगळ्यात महाग विरंगुळा आहे.

तिसरा फरक माणसांचा. छोट्या रकमेच्या टेबलावर लोक गप्पा मारायला, मजा करायला आलेले असतात. डाव सोडणं त्यांच्या जिवावर येतं. ऑनलाइन दोघं-तिघं पुढे जायचे, तिथे इथे पाच-पाच जण पुढची पानं बघायला थांबतात. अशा ठिकाणी ब्लफ करून कुणी पळत नाही. ब्लफ कमी करा आणि पत्ते खरोखर चांगले असतील तेव्हा रक्कम मोठी लावा, हा इथला साधा हिशेब.

आणि चेहरे वाचण्याचं काय? सिनेमानं ते फार मोठं करून ठेवलंय. माइक कॅरो यांनी १९८४मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचं मुख्य निरीक्षण असं, की माणूस कमजोर असल्याचं नाटक करतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा तगडे पत्ते असतात. चिप्स ठेवताना हात थरथरतोय म्हणजे तो घाबरलाय, असं नवख्याला वाटतं. बरेचदा ती भारी पत्ते आल्याची धडधड असते. दुसऱ्याचं वाचण्याआधी स्वतःकडे बघा. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेऊन, त्याच पद्धतीनं चिप्स ठेवल्या, तर समोरच्याला वाचायला फारसं काही उरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘ऑनलाइनवाला’ टेबलावर जिंकल्याची जगातली सगळ्यात गाजलेली कथा ख्रिस मनीमेकरची. अमेरिकेतल्या टेनेसीचा हा अकाउंटंट ८६ डॉलरची ऑनलाइन स्पर्धा खेळून २००३च्या पोकर विश्वमालिकेच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. समोरासमोरची त्याची ती पहिलीच मोठी स्पर्धा. तिथे ८३८ खेळाडूंना मागे टाकून त्यानं २५ लाख डॉलर जिंकले. शेवटच्या लढतीत हातात काहीच नसताना सॅमी फरहासारख्या मुरलेल्या खेळाडूला त्यानं डाव सोडायला लावला. तीन वर्षांत या स्पर्धेतल्या खेळाडूंचा आकडा ८,७७३वर गेला. प्रत्येकाला पुढचा मनीमेकर व्हायचं होतं. २००३ला त्याच हॉलमधून हात हलवत परतलेल्या बाकीच्यांची नावं मात्र आपल्याला माहीत नसतात.

नशिबाचा वाटा किती, हे गणितानं बघू. समजा तुम्ही खरंच चांगले आहात आणि शंभर डावांमागे पाच ‘बिग ब्लाइंड’ कमावता. (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीनं लावायची मोठी रक्कम.) आठ तास बसलात, दोनशे डाव झाले, तर तुमच्या कौशल्याची कमाई दहा बिग ब्लाइंड. त्याच वेळात निव्वळ पत्त्यांमुळे होणारा चढउतार सहज शंभर-सव्वाशेचा असतो. म्हणजे एका रात्रीत जिंकलात किंवा हरलात, त्यावरून तुम्ही कसे खेळता हे कळतच नाही. दर आठवड्याला असा एक दिवस, असं वर्षभर खेळलात तर दहा हजार डाव होतात. तरीही चांगला खेळाडू तोट्यात राहण्याची शक्यता चारात एकाहून जास्त उरते. शिवाय प्रत्येक डावातून कॅसिनो आपला वाटा कापून घेतं, तो वेगळाच.

आमचं म्हणणं एवढंच, की खेळायचं असेल तर हे गणित डोळ्यांसमोर ठेवून खेळा. ‘मला जमतं’ हे एका रात्रीच्या जोरावर ठरवून फीचे पैसे काढणं, मित्राकडून उधार घेणं किंवा परीक्षा सोडणं, यात कौशल्य काहीच नाही.

कायद्याचंही भान असू द्या. गोव्यात कॅसिनोमध्ये २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. महाराष्ट्रात जुगारविरोधी १८८७चा कायदा आजही लागू आहे. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७मध्ये तो जुगारच ठरवला. त्यामुळे हॉस्टेलच्या खोलीत पैशांचा डाव मांडताना ‘हा तर स्किल गेम आहे’ ही ढाल पुरेल, असं गृहीत धरू नका.

मग शिकायचं कसं? बिनपैशाच्या चिप्स घ्या, पाच-सहा जण जमा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक डाव का खेळलात, का सोडलात ते वहीत लिहा. महिन्याभरानं ती वही वाचा. घाईत, कंटाळ्यात किंवा चिडून घेतलेले निर्णय तिथे स्पष्ट दिसतील. टेबलानं शिकवायची मुख्य गोष्ट तीच, आणि ती शिकायला एक रुपयाही लागत नाही.

खेळ थांबवायचा ठरवूनही थांबत नसेल, किंवा हरलेले पैसे परत मिळवायच्या नादात झोप उडाली असेल, तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. फोन करायला लाजू नका.