उन्हाचा नवा हीरो, पण नाजूक!

मेमधल्या दुपारी नवी पेठेत शॉपिंग? पाय भाजतात बॉस! याच उन्हावर वीज बनवायची म्हणून बाबा सोलार पॅनेलचं कोटेशन घेऊन बसलेत. मी म्हटलं, पेरोव्हस्काइट बघू या! 2009 मध्ये जपानमध्ये या स्फटिकाचा पहिला सोलार सेल झाला, तेव्हा कार्यक्षमता जेमतेम 3.8 टक्के, आज 26च्या पुढे. आयआयटी मुंबईत प्रा. दिनेश काब्रांच्या टीमने सिलिकॉनशी त्याची जोडी जमवून 30च्या आसपास मजल मारलीय. पण साहेब भलतेच नाजूक. ओल लागली, तापले, की विस्कटले! त्यातला मिथाइलअमोनियम उडून जातो, म्हणून त्याजागी सिझियम घालतात, काचेत सीलबंद करतात. टिकाऊपणाची परीक्षाही कडक: 85 अंश, 85 टक्के दमटपणा, सलग 1000 तास. सिलिकॉनला मात्र 25 वर्षांची वॉरंटी मिळते. शेवटी म्हटलं, बाबा, सध्या सिलिकॉनच घ्या. ते म्हणाले, "अ‍ॅडव्हान्स कालच दिलाय."