डबा एक, जाळी दोन!

दोस्तांनो, संगणकाच्या खोलीत भिंतीवर टांगलेला चपटा डबा पाहिलाय कधी? ओळीनं भोकं, प्रत्येकात वायर खोचलेली आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. हा नेटवर्कचा स्विच. (दिव्याचा स्विच वेगळा, बरं का!) भोकांना म्हणतात पोर्ट.

याचं काम पोस्टमनचं. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून स्विच टिपून ठेवतो, 'हा ५ नंबरच्या पोर्टवर राहतो.' पुढं त्याच्या नावाचं पुडकं आलं की ते थेट तिकडंच! पण घेणाऱ्याचा पत्ता अजून टिपलेलाच नसेल तर? मग ते पुडकं बाकीच्या सगळ्या पोर्टांवर जातं. शिवाय 'सर्वांसाठी' म्हणून संगणक अधूनमधून हाळी देतात, ती वेगळीच.

आता पंचाईत बघा. समजा, याच डब्याला तुमच्या वर्गाचे संगणक जोडलेत आणि प्रश्नपत्रिका ठेवलेला ऑफिसातला संगणकही. म्हणजे तुमच्यापासून तिथपर्यंत सरळ वाट! मग काय, दुसरा स्विच विकत आणायचा? छे! याच स्विचला सांगायचं, पोर्ट १ ते १६ हा १० नंबरचा गट, १७ ते २४ हा २० नंबरचा. झालं! एका गटाची हाळी दुसऱ्याला ऐकूच जात नाही. अशा गटाला म्हणतात व्हर्च्युअल लॅन, म्हणजेच व्हीलॅन.

खरी गंमत तर पुढंच आहे. वरच्या मजल्यावर दुसरा स्विच आहे आणि दोघांमध्ये वायर एकच. कुठलं पुडकं कुठल्या गटाचं, हे कसं कळणार? पहिला स्विच पुडक्यात ४ बाइटची चिठ्ठी खोचतो, तिच्यात गटाचा नंबर. पलीकडचा स्विच ती वाचतो आणि काढून घेतो. संगणकाला गंधवार्ताही नसते! चिठ्ठीचा हा नियम, ८०२.१क्यू, १९९८ साली ठरला. नंबराला १२ बिट मिळतात. म्हणजे ४०९६ नंबर. त्यातले ० आणि ४०९५ राखीव.

दोन गटांना एकमेकांशी बोलायचंच असेल तर मध्ये राउटर लागतो. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, हे तिथं ठरवता येतं. तिथं सगळ्यांनाच मोकळीक दिली, तर मात्र भिंत असून नसल्यासारखी!

आणखी एक. ऑफिसची वायर कोणी चुकून ९ नंबरच्या पोर्टमध्ये खोचली, तर तो संगणक आला की तुमच्या गटात! स्विच हूं की चूं करणार नाही. त्यानं पोर्ट पाहिलं, वायर कोणाची ते नाही. म्हणून तर वायरींना नावांच्या पट्ट्या लावतात आणि डब्याला कुलूप.

आता तुम्ही सांगा. स्विच एकटाच आहे, २४ही पोर्टांना एकेक संगणक आहे. पोर्ट ३ वरून 'सर्वांसाठी' हाळी दिली, तर ती किती जणांना ऐकू येईल?

(उत्तर : १५)